वस्तीतले प्रत्येक मूल अंगणवाडीच्या पटावर: नोंदणीची सविस्तर कार्यपद्धती

महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक एका खोलीत, एक सेविका आणि एक मदतनीस यांच्या बळावर चालतात. तीन ते सहा वर्षांची वीस-पंचवीस मुले पटावर असलेली अशी अंगणवाडी ही गावातील सर्वांत लहान सार्वजनिक शिक्षणसंस्था असते. तिला फी नाही, प्रवेशाची मुलाखत नाही आणि जागांची मर्यादाही नाही. तरीही तिचा पट हातात घेऊन वस्तीतून फिरले, तर काही घरांतील मुले त्यावर वर्षानुवर्षे नसतात असे आढळते. वीटभट्टीवर राहणारी, पालावरची, गावाबाहेरच्या तांड्यावरची, घरात वेगळी भाषा बोलणारी, चालता किंवा ऐकता न येणारी अशी ही मुले असतात. त्यांना शोधून पटावर आणावे कसे आणि आणल्यावर टिकवावे कसे, याची कामाच्या क्रमाने केलेली मांडणी या लेखात आहे. सेविका आणि पर्यवेक्षिका यांच्याबरोबरच ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक आणि वस्तीत काम करणारे कार्यकर्ते यांनाही ती वापरता यावी, असा हेतू आहे.

नोंदणीचे काम म्हणजे पटसंख्या वाढवणे नव्हे, ही गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. वस्तीत जी आणि जशी मुले आहेत, ती आणि तशीच पटावर असली पाहिजेत. पटावर पंचवीस नावे आहेत, पण त्यांतील सहा मुले प्रत्यक्षात खासगी नर्सरीत जातात आणि भट्टीवरची चार मुले कोणाच्याच यादीत नाहीत, अशा अंगणवाडीचा आकडा कागदावर चांगला दिसला तरी तिचे काम अपुरेच आहे.

कायदा काय सांगतो

घरोघरी जाण्यापूर्वी काही तरतुदी पक्क्या माहीत असाव्यात, कारण नकाराचे बहुतेक प्रसंग गैरसमजातून उद्भवतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दररोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने हे मूळ कायद्यातले प्रमाण होते; जानेवारी २०२३ मध्ये हे निकष सुधारण्यात आले. दारिद्र्यरेषेखाली असणे ही अंगणवाडीची अट असू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात सांगितले आहे, त्यामुळे शिधापत्रिकेचा रंग विचारण्याचे कारणच उरत नाही. आधार नसल्यामुळे कोणत्याही बालकाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, असे याच न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटले आहे. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी मोबाइल ॲपवर, मुलाची नोंद आईच्या आधारावरून करता येते आणि मुलाचे स्वतःचे आधार त्यासाठी अनिवार्य नाही.

जन्मदाखल्याबाबत थोडी काळजी घ्यावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा मानला जातो, आणि ही मुले आता अंगणवाडीच्या वयात येत आहेत. दाखला नाही म्हणून नोंदणी थांबवू नये. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी प्राथमिक शाळेचा प्रवेशही नाकारता येत नाही. परंतु मूल अंगणवाडीत असतानाच दाखल्याचा पाठपुरावा सुरू करावा. जन्मानंतर एक वर्ष उलटले की नोंदणीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि सतत गाव बदलणाऱ्या कुटुंबाला पहिलीच्या प्रवेशाच्या घाईत तो मिळवणे फार अवघड जाते.

वस्तीची यादी

नोंदवही उघडण्याआधी वस्ती पायांखाली घालावी. कुटुंब सर्वेक्षण हे अंगणवाडीचे नेहमीचेच काम आहे, पण प्रत्यक्षात मागच्या वर्षीच्या घरांनाच पुन्हा भेट देऊन ते उरकले जाते आणि त्यामुळे जे घर एकदा सुटले ते सुटतच राहते. म्हणून सर्वेक्षणाची सुरुवात घरांच्या जुन्या यादीवरून न करता जागांच्या यादीवरून करावी. गावठाण, दलित वस्ती, तांडा, पाडा, शेतावर राहणाऱ्या सालगड्यांची घरे, वीटभट्ट्या, खडी क्रशर, बांधकामाच्या जागा, रस्त्याकडेची पाले, मेंढपाळांचे वाडे उतरण्याची शेते, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचा (तात्पुरत्या झोपड्यांचा) तळ आणि शहरात असल्यास उड्डाणपुलाखालच्या व रेल्वेलगतच्या झोपड्या, असा सगळा परिसर एका कागदावर काढून घ्यावा. हा नकाशा मोजमापाने अचूक नसला तरी चालेल, परंतु माणसे राहतात अशी एकही जागा त्यातून सुटता कामा नये. गावातला किराणा दुकानदार, पोलीस पाटील आणि आशा कार्यकर्ती यांना तो दाखवला, की राहिलेल्या जागा लगेच कळतात.

ही यादी वर्षातून दोनदा करावी. एकदा मे-जूनमध्ये, आणि दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, कारण महाराष्ट्रातील अनेक गावांत उन्हाळ्यातली वस्ती आणि हिवाळ्यातली वस्ती एक नसते. मजूर कुटुंबे सकाळी सात वाजता घराबाहेर पडतात, म्हणून भेट संध्याकाळी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी. शक्यतो सेविका, आशा आणि त्या वस्तीतील एखादी ओळखीची बाई अशा तिघींनी मिळून जावे. अनोळखी माणसाने वही काढून मुलांची नावे विचारली की पालावरची आई घाबरते, आणि तिची भीती निराधार नसते. वही घेऊन आलेल्या माणसांनी झोपडी हलवायला सांगितल्याचा अनुभव अनेक कुटुंबांनी घेतलेला असतो. म्हणून आपण कोण, कशासाठी आलो आणि ही माहिती कोणाकडे जाणार, हे आधी सांगावे आणि मगच वही उघडावी.

प्रश्न विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. “तुमची किती मुले अंगणवाडीत येतात?” असे विचारले तर जी येतात तेवढीच सांगितली जातात. त्याऐवजी “या घरात सहा वर्षांच्या आतली कोण कोण आहेत?” असे विचारावे आणि प्रत्येकाचे नाव लिहून घ्यावे. अंथरुणावर असलेल्या किंवा बोलू न शकणाऱ्या मुलाचे नाव आपणहून सांगितले जाईलच असे नाही, म्हणून “अजून कोणी आत आहे का?” हे आपुलकीने पुन्हा एकदा विचारावे. प्रत्येक मुलापुढे आईचे नाव, जन्मतारीख, घरात बोलली जाणारी भाषा, दिवसभर मूल कोणाजवळ असते, वर्षातले कोणते महिने कुटुंब बाहेरगावी असते, आणि चालणे, पाहणे, ऐकणे किंवा बोलणे यांत काही अडचण आहे का, एवढ्या नोंदी कराव्यात. जन्मतारीख माहीत नसेल तर माता व बाल संरक्षण कार्ड पाहावे. तेही नसेल तर गावातील जत्रा, पोळा, मोठा पूर किंवा निवडणूक अशा आठवणींच्या आधारे महिना ठरवावा आणि नोंदीपुढे ‘अंदाजे’ असे लिहावे.

तीन आकडे शेजारी ठेवा

आता एकाच पानावर तीन आकडे मांडावेत: वस्तीत तीन ते सहा वयाची मुले किती, पटावर किती, आणि गेल्या महिन्यात सरासरी रोज किती मुले प्रत्यक्ष बसली. समजा, हे आकडे अनुक्रमे ३४, २७ आणि १६ आले. पहिल्या दोहोंतील फरक नोंदणीचा आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्यातील फरक उपस्थितीचा आहे. या दोहोंची कारणे बहुधा वेगळी असतात, म्हणून ते एकत्र करू नयेत.

त्यानंतर पटावर नसलेल्या सात आणि पटावर असून न येणाऱ्या अकरा मुलांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे वस्ती, भाषा, स्थलांतर आणि अडचण हे चार रकाने भरावेत. लहान अंगणवाडीत टक्केवारी काढण्याचा मोह टाळावा. पटावर वीस मुले असली तर एक मूल म्हणजे पाच टक्के होतात आणि एका कुटुंबाच्या येण्याजाण्याने सगळे चित्र बदललेले दिसते. नावांची यादी मात्र सांगते की न येणाऱ्या अकरांपैकी सात मुले ओढ्यापलीकडची आहेत, किंवा नोंद नसलेल्यांपैकी एकाही घरात मराठी बोलली जात नाही. पुढचे सगळे काम या यादीवरून ठरते, म्हणून ती करताना घाई करू नये.

ही माहिती नाजूक आहे. जात, अपंगत्व, आईवडिलांचे काम यांच्या नोंदी असलेला कागद भिंतीवर लावू नये, त्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये आणि पालकसभेत नावे वाचून दाखवू नयेत. सभेसमोर मांडायचे तर ‘ओढ्यापलीकडची सात मुले पावसाळ्यात येत नाहीत’ एवढेच मांडावे.

खोट्या नावांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मुले कमी दिसली तर केंद्र दुसऱ्या केंद्रात विलीन होईल किंवा वरून विचारणा होईल, या धास्तीने खासगी शाळेत जाणाऱ्या मुलांची नावे पटावर ठेवली जातात. सेविकेवरचा हा दबाव खरा असतो आणि त्याचा दोष तिच्या एकटीवर टाकणे अन्यायाचे आहे. परंतु फुगवलेल्या पटामुळे सर्वांत मोठे नुकसान पटाबाहेरच्या मुलांचे होते, कारण ‘पट पूर्ण आहे’ असे दिसले की त्यांना शोधण्याचे कारणच संपते. पर्यवेक्षिकेने मासिक बैठकीत आधी हे तीन आकडे विचारावेत आणि खरा, कमी आकडा आणणाऱ्या सेविकेला बोल लावू नये. एवढे झाले तरी यातले बरेचसे सुधारते.

न येण्याची कारणे

अंतर हे सर्वांत उघड कारण असते. तीन वर्षांचे मूल स्वतःहून अर्धा किलोमीटर चालत येत नाही आणि त्याला आणायला आई घरी नसते. वस्ती वेगळी आणि मुले पुरेशी असतील तर स्वतंत्र अंगणवाडीची मागणी करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील रहिवाशांना मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळण्याचा हक्क आहे. मागणीचा अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यावा, सोबत मुलांची नावे व वये असलेली यादी आणि शक्य असल्यास ग्रामसभेचा ठराव जोडावा, एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाला पाठवावी आणि पोच घेऊन ठेवावी. आपण केलेली वस्तीची यादी येथे थेट उपयोगी पडते. मुले चाळीसपेक्षा कमी असतील तर मदतनीसांनी सकाळी त्या वस्तीत जाऊन मुलांना एकत्र घेऊन येण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या मदतीने बसवावी.

अंगणवाडी कोणत्या आळीत भरते, याकडेही पाहावे. इमारत नसल्यामुळे एखाद्याच्या ओसरीवर किंवा देवळात भरणाऱ्या अंगणवाडीत काही घरांतील मुले येत नाहीत आणि त्याचे कारण कोणी उघडपणे सांगत नाही. अशा ठिकाणी समाजमंदिर, शाळेची रिकामी खोली किंवा ग्रामपंचायतीची जागा मिळवावी, म्हणजे कोणाच्या दारात जातो आहोत हा प्रश्न कोणत्याच आईपुढे राहत नाही. आत आल्यावर मुले कशी बसतात, पाणी कोण कोणाला देते, ताट आधी कोणापुढे येते, याचे सेविकेने आठवडाभर डोळसपणे निरीक्षण करावे. बसण्याची जागा रोज बदलावी, वाढण्यात मदत करण्याची पाळी सर्व मुलांना द्यावी आणि पाण्याचे भांडे व पेले सर्वांसाठी एकच असावेत. एखाद्या पालकाने यावर हरकत घेतली तर सेविकेला एकटे सोडू नये. सरपंच आणि पर्यवेक्षिका यांनी त्या घरी जाऊन अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे हे स्पष्टपणे सांगावे.

मूल न येण्यामागे पुष्कळदा मोठी बहीण असते. आई कामावर गेली की आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत घरी राहते; ती शाळेत जात नाही आणि धाकटे अंगणवाडीत येत नाही. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना हीच अडचण पाहिली होती. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच जागी चालवली, म्हणजे बहिणीला कडेवरच्या भावंडासह शाळेत येता यावे. त्यांच्या कामातून आजही घेण्यासारखी पद्धत अशी, की अंगणवाडी आणि जिल्हा परिषद शाळा यांनी आपापल्या गैरहजर मुलांच्या याद्या एकत्र ठेवून पाहाव्यात. एकाच घरातील दोन नावे दोन्ही याद्यांत आढळली, तर त्या घरी शिक्षक आणि सेविका यांनी मिळून जावे आणि दोन्ही मुलांचा प्रश्न एकाच भेटीत सोडवावा. काम करणाऱ्या आयांची संख्या मोठी असेल, तर केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेतून अंगणवाडीला जोडून पाळणाघर मिळेल का, याची प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

स्थलांतरित मुले: गाव सोडताना आणि पोहोचल्यावर

बीड, जालना, अहिल्यानगर, नंदुरबार या जिल्ह्यांतून लाखो मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पालघर, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात. नवरा-बायकोचा ‘कोयता’ (एकत्र ऊस तोडणारी जोडी) मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघतो, तेव्हा तीन-चार वर्षांचे मूल मागे ठेवण्याचा पर्याय बहुतेक घरांत नसतो. हंगामी वसतिगृहे आहेत, पण ती शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी. म्हणजे अंगणवाडीच्या वयातली मुलेच सर्वांत जास्त संख्येने आईबापांबरोबर जातात, आणि वर्षातील सहा महिने ती दोन्ही गावांच्या पटांमधून निसटतात. या मुलांची नोंदणी दोन टोकांना करावी लागते.

मूळ गावी कुटुंब निघण्याच्या आधी, साधारण नवरात्रात, कोण जाणार आहे याची यादी करावी. प्रत्येक कुटुंबापुढे मुकादमाचे नाव व फोन, कारखान्याचे नाव, शक्य असल्यास कारखान्याच्या गट कार्यालयाचे गाव, आणि आईचा चालू असलेला फोन क्रमांक लिहावा. मुलाचे वजन व उंची मोजून माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवावे, राहिलेली लस देऊन घ्यावी आणि कार्ड आईजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत द्यावे. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करण्याची सोय आहे, ती वापरावी. मुलाचे नाव पटावरून कमी न करता ‘स्थलांतरित’ असा शेरा द्यावा. परत आल्यावर त्याला नव्याने प्रवेश घ्यावा लागू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

पोहोचण्याच्या गावी पहिली माहिती कारखान्याच्या शेतकी विभागाकडे किंवा गट कार्यालयातील चिटबॉयकडे (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) मिळते, कारण कोणती टोळी कोठे उतरली आहे हे त्यांना रोज माहीत असावे लागते. वीटभट्टीच्या बाबतीत भट्टीमालकाला भेटावे. टोळी उतरल्यापासून आठवड्याच्या आत कोप्यांवर जावे आणि मुलांची नोंद त्याच दिवशी, कोणताही कागद न मागता करावी. मूळ गावच्या सेविकेचा फोन आईकडे असेल तर तेथूनच फोन लावून मुलाचे वजन, वय आणि लसीकरण विचारून घ्यावे. या एका फोनमुळे मुलाच्या नोंदीत खंड पडत नाही.

प्रत्यक्ष येण्याची अडचण वेळेची असते. ऊसतोडीला पहाटे चार-पाचलाच निघतात आणि मूल अर्धवट झोपेत गाडीतून फडावर (तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतावर) जाते; अंगणवाडी उघडते तोवर ते गावापासून चार-पाच किलोमीटर दूर उसाच्या पाचटावर बसलेले असते. येथे आईला नुसते समजावून काही होत नाही. कोपीवर मागे राहणारी एखादी आजी किंवा गरोदर बाई असतेच. तिच्याजवळ सकाळी मुले ठेवायची आणि मदतनीसांनी नऊच्या सुमारास येऊन ती न्यायची, असे टोळीतल्या बायकांशी बोलून ठरवावे. मुकादमाला त्या बोलण्यात सामील करावे, कारण त्याचा शब्द टोळीत चालतो. फड जवळ आला की काही दिवस मुले नियमित येतील आणि लांब गेला की येणार नाहीत. अशा मुलांची उपस्थिती गावातल्या मुलांच्या मापाने मोजू नये आणि आठ-दहा दिवसांनी आलेल्या मुलाला जुने मूल म्हणूनच बसवावे.

भाषा

कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी, वारली, कातकरी, पावरी, मावची, भिली, गोरमाटी, पारधी, अहिराणी, उर्दू, कन्नड, तेलुगू आणि हिंदी अशा कितीतरी भाषा महाराष्ट्रातल्या मुलांच्या घरांत बोलल्या जातात. अंगणवाडीत पाय ठेवताच यांतील पुष्कळ मुलांच्या कानावर एकही ओळखीचा शब्द पडत नाही. मूल रडते, कोपऱ्यात बसते आणि चौथ्या दिवशी येत नाही. नोंदवहीत ‘पालक पाठवत नाहीत’ असा शेरा पडतो. ही गळती टाळता येण्यासारखी आहे आणि तिच्यावरचा उपाय बिनखर्ची आहे.

सर्वेक्षणात भरलेल्या भाषेच्या रकान्यावरून पटावर कोणत्या भाषा आहेत ते काढावे. प्रत्येक भाषेतील वीस-पंचवीस शब्द आणि लहान वाक्ये त्या घरातील आईकडून किंवा आजीकडून शिकून देवनागरीत लिहून ठेवावीत: पाणी, भूक लागली, लघवीला जायचे आहे, दुखते आहे, आई संध्याकाळी येईल, इकडे बस, छान केलेस, तुझे नाव काय. सुरुवात याच शब्दांनी करावी. रंगांची आणि फळांची नावे नंतर शिकली तरी चालतील, परंतु लघवीला जायचे आहे हे सांगता न आल्यामुळे कपडे ओले झालेले मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत त्या भाषेच्या एखाद्या आईला आळीपाळीने तासभर येऊन बसायला सांगावे. तिने तिच्या भाषेत एक गाणे म्हणावे आणि सर्व मुलांनी ते म्हणावे. मराठी मुलांना गोंडी गाणे येऊ लागले की गोंडी मुलाची त्या खोलीतली जागा बदलते. मूल आपल्या भाषेत उत्तर देत असेल तर ते उत्तर बरोबर म्हणून स्वीकारावे आणि तेच मराठीत एकदा म्हणून दाखवावे. ‘इथे मराठीत बोल’ असे तीन वर्षांच्या मुलाला कधीही सांगू नये.

भाषेच्या नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. अंगणवाडीत निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज अन्य भाषा बोलणारी असतील, तर ती भाषा जाणणाऱ्या उमेदवाराची अट राज्यातील सेविका-मदतनीस भरतीच्या जाहिरातींत असते. ही अट कोणत्या केंद्राला लागू होते हे दाखवायला आकडा लागतो. भाषेचा रकाना रिकामा राहिला तर तो आकडा कोणाकडेच नसतो आणि कोरकू पाड्यावर कोरकू न येणारी सेविका नेमली जाऊ शकते.

अपंगत्व असलेले मूल

या मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठा अडसर ‘आधी प्रमाणपत्र, मग प्रवेश’ या समजुतीचा आहे. प्रवेशासाठी प्रमाणपत्र लागत नाही. मूल आधी पटावर घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला आणि त्याच्या आरोग्य पथकाने प्रत्येक अंगणवाडीला वर्षातून दोनदा भेट देणे अपेक्षित आहे. पथकाची तारीख आशाकडून कळते. त्या दिवशी पटाबाहेरची मुलेही बोलवावीत. सेविकेने निदान करू नये, फक्त दिसलेले लिहावे: हाक मारल्यावर वळत नाही, आधाराशिवाय उभे राहत नाही, वस्तू डोळ्यांच्या अगदी जवळ नेते. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांची तपासणी व उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्रात, होते. तेथे जाण्यासाठी गाडी मिळते का आणि बरोबर कोण जाणार, हे पथकासमोरच ठरवून घ्यावे, कारण चिठ्ठी मिळूनही जिल्ह्याच्या गावी न गेलेली मुले पुष्कळ असतात. महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला आहे. पर्यवेक्षिकेने त्याची मराठी माहिती बैठकीत समजावून सांगावी.

खोलीत करायचे बदल थोडे असतात. उंबऱ्यापाशी उतार, भिंतीला टेकून बसता येईल अशी जागा, शौचालयात धरायला दांडी, आणि सुरुवातीला आईसह दिवसातून तासभर येण्याची मुभा, एवढ्याने बहुतेक मुलांचे येणे सुरू होते.

खासगी नर्सरीकडे गेलेली घरे

तालुक्याच्या गावाहून येणारी पिवळी गाडी तीन वर्षांच्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत नेते आणि गावातील शिक्षक, ग्रामसेवक, बागायतदार यांची मुले अंगणवाडीत दिसेनाशी होतात. हा पालकांचा निर्णय आहे आणि त्यावरून कोणाशी वाद घालू नये. पण अंगणवाडी केवळ गरिबांची झाली की तिच्या पाण्याच्या टाकीची, फुटलेल्या फरशीची आणि बंद पडलेल्या पंख्याची चौकशी करणारा आवाजही गावात उरत नाही, म्हणून या घरांनाही बोलावत राहावे. अंगणवाडीत फक्त खाऊ मिळतो हा समज दूर करण्याचा चांगला मार्ग म्हणजे पालकांना महिन्यातून एकदा सकाळच्या वेळी प्रत्यक्ष बसवणे. राज्याच्या ‘आकार’ अभ्यासक्रमानुसार चालणारे गोष्टी, गाणी, मोजणे, वर्गीकरण आणि चित्रकाम त्यांनी पाहावे आणि घरी मुलाशी कसे खेळावे हे विचारून जावे. भाषण ठेवू नये.

पहिले दोन महिने आणि त्यानंतर

नवे मूल आले की सलग तीन दिवस गैरहजर राहिल्यास तिसऱ्याच दिवशी घरी जावे. महिन्याने गेल्यास मूल घरी रुळलेले असते. आहारात अंडे असेल तेव्हा न खाणाऱ्या मुलाला केळे द्यावे आणि त्यावरून चिडवाचिडवी होऊ देऊ नये. वर्षभरातील सण-उत्सव ठरवताना पटावरच्या घरांकडे पाहावे: तांड्यावरची मुले असतील तर १५ फेब्रुवारीची सेवालाल महाराज जयंती, पाड्यावरची असतील तर १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती, त्याचबरोबर ईद, १४ एप्रिल आणि दिवाळी. पोशाख घालून फोटो काढण्यापेक्षा त्या घरातील गोष्ट, गाणे आणि खाण्याचा एखादा पदार्थ यांना जागा द्यावी.

तीन आकड्यांचे पान दर तीन महिन्यांनी नव्याने भरावे आणि न आलेल्या मुलांची नावे पुन्हा लिहावीत. तीच नावे सलग दोनदा आली, तर त्या घरासाठीचा उपाय बदलण्याची वेळ आली असे समजावे.

शेवटचे काम एप्रिलमध्ये असते. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर रोजी सहा वर्षे पूर्ण होणे हा निकष धरला जातो, त्यानुसार पहिलीत जाणाऱ्या मुलांची यादी करून ती जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून द्यावी. नावापुढे घरातली भाषा, बाहेरगावी असण्याचे महिने, जन्मदाखल्याची स्थिती आणि लागणारी मदत लिहिलेली असावी, आणि त्या यादीची एक प्रत अंगणवाडीत ठेवावी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात शाळेत जाऊन यादीतील कोण वर्गात बसले आहे ते पाहावे. जे नाही, त्याच्या घरी पहिलीचे शिक्षक आणि सेविका यांनी त्याच आठवड्यात जावे.